अण्णांचं न उगवलेलं बी

मी विमा कंपनीत नुकसान तपासायला जातो. कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, आग लागली, उंदीर सुटले की तिथं पोचायचं, खाली वाकून बघायचं आणि गंभीर चेहऱ्यानं "हं" म्हणायचं. या "हं"वर माझं पोट चालतं. परक्याच्या घरातला उंदीर मी दारातूनच ओळखतो, अशी ऑफिसात माझी ख्याती आहे. ती पसरवायचं काम मुख्यतः मीच करतो.

अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात उंदीर सुखानं नांदत होते आणि त्याला पत्ता नव्हता. याला कारण माझे सासरे, असं लिहिणार होतो. पण हे बायको वाचणार आहे, तेव्हा निम्मं कारण मी, असं लिहितो.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. खाली त्यांचं फुलझाडांच्या आणि भाज्यांच्या बियाण्यांचं दुकान, वर आम्ही तिघं. तरुणपणी सायकलच्या मागे पिशव्या बांधून ते गल्लोगल्ली बी द्यायचे. "विकायचे" म्हटलेलं त्यांना चालत नाही. बी देतात, असंच म्हणायचं. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर लोक "कसे आहात" विचारतात, अण्णा "उगवलं का?" विचारतात. समोरचा "हो" म्हणाला की त्याची बाकीची खुशाली त्यांना नको असते. एकदा एका गृहस्थांनी नुकत्याच झालेल्या आपल्या ऑपरेशनची हकीकत सांगायला घेतली. अण्णांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "ते राहू द्या. वांगी?"

दर हंगामात दुकानात बी मांडण्याआधी अण्णा त्यातलं चिमूटभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. कोंब आले तरच ते बी पाकिटात जातं. न उगवणारं बी त्यांनी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही, आणि ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नाहीत. सांगायला मी आहे.

आमच्या घरात झाडू असा लागतच नाही. जमिनीवर बारीक, काळं, वाळलेलं काहीही दिसलं की ते बी असणार, हा घरचा कायदा. मऊ कुंचल्यानं ते बशीत गोळा करायचं, निवडायचं आणि ज्या त्या बियाण्याच्या वाळवणाच्या ताटात टाकायचं. अण्णांची नजर मंदावल्यापासून हे निवडायचं खातं माझ्याकडे आलं. जावयाला सासरी मिळालेली ही एकमेव बढती.

"हे कुठलं हो अण्णा?" मी विचारायचो.

"कसं आहे?"

"लांबट. काळपट. टोकाला निमुळतं."

"मग कॉसमॉस. त्यात काय विचारायचं, जावईबापू? घाला ताटात."

यंदा कॉसमॉसच्या फुलांचं बी फारच सांडत होतं. ओट्याखाली, फळीवर, कपाटामागं. अण्णांनी एक-दोन दाणे बोटांत फिरवूनही पाहिले. "हलकं लागतंय. चांगलं वाळलंय," म्हणाले. मी रोज नेमानं बशी भरत होतो आणि कपाटावरच्या कॉसमॉसच्या ताटात रिकामी करत होतो. इतकी निष्ठा मी ऑफिसात दाखवली असती तर एव्हाना साहेब झालो असतो.

बाकीची लक्षणंही होती, नाही असं नाही. संध्याकाळी कपाटावर खुडबुड व्हायची. अण्णा म्हणायचे, "शेंगा तडकतायत." पाकिटांचे कोपरे कुरतडलेले दिसायचे. ही म्हणायची, "तुम्हाला एक पाकीट धड फोडता येत नाही." कपाटामागं कागदाचे बारीक तुकडे निघाले, ते माझ्या वर्तमानपत्राच्या कात्रणांच्या खाती जमा झाले. आणि एक उग्र वास यायचा. त्या वासावरून हिनं माझे मोजे बाल्कनीत हलवले. वास गेला नाही, तेव्हा मला बाल्कनीत हलवायची भाषा सुरू झाली. मी स्वतःचे मोजे हुंगून पाहिले आणि, खरं सांगतो, मलाही शंका आली.

मग हंगाम आला. अण्णांनी कॉसमॉसच्या ताटातून चिमूट उचलली आणि ओल्या फडक्यात ठेवली. एरवी चार-पाच दिवसांत पांढरे कोंब डोकावतात. या वेळी काहीच नाही. आठवड्यानं फडकं उलगडलं तर आत तपकिरी चिखल.

"कुजलं," अण्णा म्हणाले.

दुसरी चिमूट घेतली. तिचाही चिखल. तिसऱ्या वेळी त्यांनी फडकं माझ्याकडे दिलं आणि खुर्चीत बसून राहिले. हे बी त्यांनी स्वतः गच्चीवरच्या कुंड्यांत धरलेलं, स्वतः खुडलेलं, स्वतः वाळवलेलं.

"अण्णा, एखादं वर्ष होतं असं," ही म्हणाली.

"माझ्याकडे झालं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, "कॉसमॉसचं असं, मग टोमॅटोचं कशावरून तसं नसेल? आता मला वाळलं की कुजलं ते कळत नाही. ज्याला आपलं बी ओळखू येत नाही त्यानं लोकांना देऊ नये. पलीकडचा कुलूपवाला जागा मागतोय. देऊन टाकू."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साध्या आवाजात बोलले. ही स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. धीर द्यायची वेळ आली की मी कुचकामाचा. मी म्हणालो, "चहा टाकू का?" आणि चहा माझ्याच बशीत ओतून प्यायलो. ही बशी कोणती, ते पुढे येईलच.

त्याच आठवड्यात एका कागदवाल्या व्यापाऱ्याच्या गोदामात माझी तपासणी होती. रिमं कुरतडलेली. व्यापारी म्हणत होता, "साहेब, उंदीर नाही हो आमच्याकडे. हमाल ओढाताण करतात." घराघरांतून ऐकलेलं वाक्य. मी हसलो, खाली वाकलो, पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं आणि माझं ठरलेलं व्याख्यान लावलं.

"शेठ, आपल्याच घरातलं माणसाला दिसत नाही बघा. हे काय आहे? उंदराच्या लेंड्या. नीट बघून घ्या. लांबट. काळपट. टोकाला निमु..."

मी तिथंच थांबलो.

"काय झालं साहेब?"

"वाळल्या की हलक्या लागतात," मी म्हणालो. पण ते त्याला नव्हतं.

व्यापाऱ्यानं मला पाणी दिलं. त्याचं नुकसान मी त्या दिवशी इतक्या घाईनं मंजूर केलं की तो दारापर्यंत सोडायला आला.

घरी आलो तो थेट स्टुलावर चढलो. कपाटावरच्या ताटात कॉसमॉसची टरफलं तेवढी होती आणि बाकी सगळी माझी मेहनत. उंदीर खरं बी खात होता आणि त्यानं घरभर जे सांडलं ते मी वेचून त्याच ताटात पोचतं करत होतो. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आम्ही उंदीर पेरायला निघालो होतो.

"अण्णा," मी स्टुलावरूनच म्हणालो, "हे बी नाही. लेंड्या आहेत. घरात उंदीर आहेत."

अण्णांनी खुर्चीतूनच मान वर केली.

"म्हणजे फडक्यात आपण..." हिला पुढं बोलवेना.

"हो."

"आणि अहो, ती बशी? तुमच्या चहाची?"

"हो."

हिनं तोंडाला पदर लावला. कशासाठी, ते आधी कळलं नाही. मग तिचे खांदे हलायला लागले. हसताना तिला भिंत धरावी लागली.

अण्णांनी मात्र मला स्टुलावरून खाली बोलावलं. "खात्रीनं सांगताय?"

"माझा धंदाच आहे तो, अण्णा." हे म्हणताना मला लाज वाटायला हवी होती, तेवढी वाटली.

"म्हणजे माझं बी कुजलं नव्हतं."

"नाही. खाल्लं गेलं."

"खाल्लं," अण्णा म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "खाल्लं." आणि खुर्चीतून उठले. "अगं, घरात उंदीर आहेत." ही बातमी इतक्या आनंदानं दिलेली मी आजवर ऐकलेली नाही, आणि माझ्या व्यवसायात ही बातमी रोजची आहे.

पुढचं सगळं माझ्या देखरेखीखाली झालं, म्हणजे हिनं केलं. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवायच्या आणि मग पुसून घ्यायच्या, एवढं मी सांगितलं. हातमोजे घालून केलं तिनं. बशी फेकली गेली. सिंकच्या पाइपाभोवतीचं भोक लोखंडी काथ्या कोंबून आणि वरून सिमेंट लावून बुजवलं. सगळी ताटं रिकामी होऊन बी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत गेलं. सापळा भिंतीला लागून लावायचा असतो, हे शास्त्र समजावताना मी त्यात स्वतःचं बोट लावून दाखवलं. अण्णांनी बोट सोडवलं आणि मला बाजूला बसवून पिंजरा आणला. त्यात मी जुनं, किडकं सूर्यफुलाचं बी ठेवत होतो.

"ते नको," अण्णा म्हणाले. "या दुकानातून असलं बी जात नाही."

उंदीर ताज्या बियांवर आले. एकामागून एक दोन, पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग कपाटावरच्या शेंगा तडकायच्या थांबल्या.

कॉसमॉस मात्र ताटात औषधालाही उरलं नव्हतं. अण्णा गच्चीवर गेले. मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्या कुंड्यांत तशाच उभ्या होत्या, त्यांच्या बोंडांतून त्यांनी वाटीच्या तळाशी येईल एवढं बी काढलं. त्यातलं चिमूटभर फडक्यात ठेवलं. मला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी फडकं माझ्या डोळ्यांपुढं धरून म्हणाले, "मला नीट दिसत नाही. सांगा."

केसाएवढे पांढरे कोंब होते. मी वाकलो आणि सवयीनं "हं" म्हणालो.

"हं म्हणजे?"

"उगवलं, अण्णा."

त्यांनी फडकं हिच्याकडे दिलं, चपला घातल्या आणि दुकानाची किल्ली मागितली. कुलूपवाला बाहेरच उभा होता. जागेचं विचारायला आला असावा. त्याला काही बोलू न देता अण्णांनी शटर वर ढकललं आणि म्हणाले, "तुम्हाला मागं दोडक्याचं बी दिलं होतं. त्याचं काय झालं?"