मान्यताप्राप्त शिवी

पत्र्याच्या कारखान्यातले क्रेनवाले मिस्त्री तीस वर्षं धोक्याचा इशारा शिवीनेच देत. ती कानावर पडली की माणूस आधी उडी मारी, मग वर बघे. नव्या मॅनेजरसाहेबांनी शिवीबंदी केली आणि मिस्त्रींना बजावलं, "आणखी एक शिवी, की कायमचे घरी बसाल."

दुसऱ्याच दिवशी साहेब स्वतः क्रेनला लोंबणाऱ्या पत्र्यांच्या गठ्ठ्याखाली येऊन उभे राहिले.

"साहेब, कृपया जरा बाजूला..." मिस्त्रींनी सुरुवात केली.

"थांबा हो, फोनवर आहे!"

वर साखळी करकरली. मिस्त्रींनी नोकरीवर पाणी सोडलं आणि साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साहेबांनी उडी मारली, मागे गठ्ठा कोसळला.

"हीच शिवी नियमावलीत घालू," साहेब कपडे झटकत म्हणाले. "लिहून द्या."

मिस्त्री लाजून चूर झाले. "असलं लिहायचं कसं, साहेब? आम्ही घरंदाज माणसं."