शेजारच्या सीटवरच्या आजी

सांगायला लाज वाटते. जे. पी. नगरहून निघालेल्या बसमध्ये मी फोन स्पीकरवर टाकून पुण्याच्या भावाशी बोलत होतो. बंगळूरच्या बसमध्ये मराठी कुणाला कळणार, या भरवशावर आवाज मोकळा सोडला होता.

"आई तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडे तिची अडचणच होईल."

शेजारी एक आजी बसल्या होत्या. तिकिटाची घडी बांगडीत खोचलेली, मांडीवर कढीपत्त्याची पिशवी. मी फोन ठेवल्यावर त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "स्वल्प हळू बोलावं, अण्णा. माझा मुलगाही फोनवर असाच बोलतो. त्याला वाटतं, मला ऐकू येत नाही."

"तुम्ही मराठी?"

"तीन पिढ्या इथेच, बंगळूरच्या चामराजपेटेत आहोत," म्हणून त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांचा स्टॉप आला. उठताना त्यांनी माझ्याच खांद्याचा आधार घेतला.

त्या उतरल्यावर मी भावाला पुन्हा फोन लावला, या वेळी कानाला.

"मघाशी तुझाही फोन स्पीकरवर होता का रे?"

"हो, असतोच की."

"आणि आई कुठे होती?"

"इथेच, माझ्या शेजारी. भाजी निवडतेय."