लाल काड्या

खाडीकाठच्या नवापूरच्या जागृती तामोरेने रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि तारापूरच्या एका रंग-कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटली. कारखान्यातून खाडीत सुटणारं पाणी किती आंबट, ते यंत्र दिवसरात्र मोजायचं. त्या नोंदींचा आलेख काढणं जागृतीचं काम. नोंदी कप्प्यांत वाटायच्या, ज्या कप्प्यात जितक्या नोंदी तितका त्याचा खांब उंच. हिस्टोग्राम म्हणतात त्याला. खांब जितका डावीकडे, तितकं पाणी आंबट. खांब काढायच्या तयार प्रोग्रामची लायब्ररी कॉम्प्युटरवर होती, ती जागृती घरीच व्हिडिओ बघून शिकली होती.

खाडीत मासळी मरून वर आली तेव्हा गाव खवळलं. कारखान्याने समाजमंदिरात सभा लावली आणि मॅनेजर हितेशसाहेबांनी आलेख मागवला.

जागृतीने काढला. मध्ये डोंगराएवढे खांब आणि डावी बाजू स्वच्छ! आंबट पाण्याच्या नोंदी तिने स्वतः पाहिल्या होत्या. त्या होत्याच तिथं, पण शेकड्यांच्या खांबांशेजारी तीन-चार नोंदींचा खांब केसाएवढाही दिसेना.

घरी तिची आई शालू बोंबील साफ करत होती. तिला मोबाइलवर चित्र दाखवलं.

"ह्यात खराब पाणी कुठं हाय?"

"हाय गं, दिसत नाय."

"मंग दिसंल असं कर की!"

जागृतीने डावीकडचे खांब उंच केले. शालूने पाहिलं, हातातली सुरी थांबवली.

"एवढ्या येळा झालं?"

"नाय. तीन-चार येळा."

"मंग हे काय? चार मांदेल्या नि चाळीसचा वाटा लावतेस? गिऱ्हाईक तोंडावर फेकील! वाटा लहान असंल तर ढीग नको लावू, फळीवर एकेक मासळी पसरून ठेव. मोजणाऱ्याला दिसली पायजे, नि मोजली तर तेवढीच भरली पायजे."

जागृतीला पटलं. लाजही वाटली. तिने लायब्ररीच्या मूळ हिस्टोग्रामवरून आपला एक नवा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा साचा, बेतला. कप्पे, मोजणी, खांबांची उंची, सगळं मुळातलंच घेतलं. 'रेखाटणे' हे एकच काम आपल्या हाताने लिहिलं: पाणी किती आंबट चालतं त्या सरकारी मर्यादेच्या डावीकडे कप्पा असेल तर खांब तसाच काढ, पण आधाररेघेच्या खाली प्रत्येक नोंदीची एक लाल काडी शेजारीशेजारी ठेव. क्लासचं नाव तिने 'शालू' ठेवलं.

हितेशसाहेबांनी तो आलेख पाहिला आणि खुर्ची मागे ढकलली.

"जागृती, ये नीचे क्या बिछाया है?"

"आंबट पाणी, सर. जेवढ्या वेळा सुटलं तेवढ्या काड्या."

"कप्पे मोठे कर. दोन-तीन मिळून एक. सब बीचवाले में चला जाएगा."

"तसं जाईल. म्हणूनच नाय करणार."

"नोकरी नको झाली का?"

"हवी हाय. पण खोटं चित्र काढायची नोकरी नाय माझी."

"ठीक आहे. मी पहिलावाला दाखवतो. तू फक्त लॅपटॉप सांभाळ, तोंड बंद."

सभेला अख्खा पाडा लोटला. हितेशसाहेबांनी डोंगराचं चित्र पडद्यावर टाकलं आणि मर्यादेत, मर्यादेत असं चारदा म्हणाले. पुढच्या ओळीतून शालू उठली.

"डावीकडं कायच नाय?"

"नाही नाही. म्हणजे... थोडंसं."

"थोडंसं म्हंजे किती? आमी मासळी थोडीशी नाय विकत, मोजून विकतो."

बायका हसल्या. हितेशसाहेबांनी जागृतीकडे डोळे वटारले. जागृतीने लॅपटॉपवर आपला क्लास चालवला. पडद्यावर खांब तेच राहिले, तितकेच उंच, आणि त्यांच्याखाली डाव्या बाजूला लाल काड्या उमटल्या. मागच्या भिंतीपाशी उभे असलेले लोकही त्या मोजू लागले.

साहेब वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "कल से गेट बंद तेरे लिए."

"आज तर उघडं हाय ना?" जागृती मोठ्याने म्हणाली, साऱ्या सभेला ऐकू जाईल असं. मग माइक ओढून घेतला आणि पहिल्या काडीवर बोट ठेवून ते पाणी कोणत्या सकाळी सुटलं, ते सांगायला लागली.