तारेवर माणूस आहे

वस्तीत तिला सगळे ‘वीजवाली’ म्हणत. वीज गेली की तिच्या नावाने बोटं मोडायची आणि आली की तिला साफ विसरून जायचं, अशी वस्तीची रीत होती. दुकानात, नळावर, दवाखान्याच्या रांगेत कुणी ना कुणी टोमणा मारायचंच. ‘आज अंधार कधी करणार ते सांगून टाका, म्हणजे तेवढ्यात इस्त्री उरकते.’ ती हसून सोडून द्यायची. बटण तिच्या हातात असलं तरी ते कधी दाबायचं हे तिच्या हातात नाही, हे समजावत बसण्याचा नाद तिने केव्हाच सोडला होता.

वस्तीच्या टोकाला जाळीच्या कुंपणात वीज उपकेंद्र होतं. आत एकच लांब खोली, भिंतीलगत लोखंडी कपाटांची रांग आणि प्रत्येक कपाटावर एकेका लाइनचा स्विच. एक वस्तीची लाइन, एक बाजाराची, एक गिरणीची. विजेचा तुटवडा पडला की वरच्या कार्यालयातून फोन यायचा आणि ती सांगितलेली लाइन बंद करायची. धोरण असं होतं की गिरणीची वीज तोडायची नाही, तुटवडा घरांनी पाळीपाळीने सोसायचा. तिला त्यात फार काही वावगं वाटत नसे. वस्तीतली निम्मी माणसं त्याच गिरणीत सूत काढायची. गिरणी थांबली तर त्यांच्या चुली थांबणार, हे कळायला काही मोठी अक्कल लागत नव्हती. तिचे बाबा मात्र म्हणायचे, ‘‘धोरण लिहितात त्या खोलीतला पंखा कधी बंद पडत नाही. म्हणून तर अक्षर इतकं वळणदार येतं!’’

बाबा जन्मभर लाइनमन होते. खांबावर चढायच्या आधी ते याच खोलीत यायचे, लाइन बंद करवून घ्यायचे आणि स्विचवर पत्र्याची लाल पाटी अडकवायचे. ‘तारेवर माणूस आहे.’ ती पाटी ज्याने लावली त्यानेच उतरून काढायची. साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब, दुसऱ्या कुणी तिला बोटही लावायचं नाही. लहानपणी बाबांचा डबा घेऊन आली असताना तिने ती पाटी काढून हौसेने गळ्यात घातली होती. नशीब, काम संपून बाबा तेव्हा दारातच पोहोचले होते. त्यांनी उभ्या आयुष्यात तिच्यावर हात उगारला तो त्या एकाच दिवशी. त्यानंतर तिला कुणी नियम शिकवावा लागला नाही.

आता बाबांची फुप्फुसं थकली होती. उशाशी ठेवलेलं यंत्र घरघरत त्यांना प्राणवायू द्यायचं. वीज गेली की यंत्राची बॅटरी थोडा वेळ तग धरायची, आणि तीही संपली तर कोपऱ्यात सिलिंडर असायचा. वस्तीत अशी यंत्रं आणखीही होती. त्यांचं काय करायचं, असं तिने साहेबांना विचारलं होतं. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, ‘‘बाई, लाइन वगळता येते, घर वगळता येत नाही. वर कळवतो.’’ कळवलंही असेल त्यांनी. वरून काही आलं नाही.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. वस्तीची पाळी संपत आली होती, तेवढ्यात फोन आला की तुटवडा वाढलाय, वस्ती अजून बंदच ठेवा. तो फोन ठेवते न ठेवते तोच वहिनीचा आला.

‘‘वन्सं, बॅटरीचा लाल दिवा लागलाय. सिलिंडरवाला अजून आला नाही, वाटेत आहे म्हणतोय. बाबांचे ओठ कसेतरीच दिसताहेत हो!’’

तिने वर फोन लावला आणि वस्तीऐवजी गिरणी थोडा वेळ बंद ठेवू का, म्हणून विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘‘मला अधिकार नाही, ताई. तुम्हालाही नाही.’’

तिने गिरणीचा स्विच पाडला. खुंटीवरची लाल पाटी घेतली आणि त्यावर अडकवली. मग वस्तीची लाइन चालू केली.

लगेच फोन खणखणला. ‘‘गिरणी का बंद?’’

‘‘लाइनवर काम निघालंय. पाटी लागलीय.’’

‘‘अच्छा. माणूस सुखरूप उतरला की कळवा.’’

एवढंच. कुणी उलटतपासणी घेतली नाही, कुणी आवाज चढवला नाही. तिला वाटलं, त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने ‘उंट’ पाणी प्यायला आत आला. हा इथला लाइनमन, ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला उंटच म्हणत. याला चढायला अर्धाच खांब लागतो, अशी त्याची थट्टा व्हायची. पाटी दिसताच त्याचा पेला तोंडाशीच थांबला.

‘‘ताई, कोण चढलंय?’’

तिने नजर फोनकडे वळवली.

‘‘माझी माणसं सगळी बाहेर सावलीत बसलीत. मग वर कोण आहे?’’

ती काहीच बोलेना, तेव्हा त्याला उमगलं. त्याचा हात पाटीकडे गेला आणि अर्ध्यातूनच मागे आला. खोटी आहे हे कळूनही त्याला ती काढवेना. पेला ठेवून तो निघून गेला.

सिलिंडर पोहोचल्याचा वहिनीचा फोन आल्यावर तिने स्वतःच पाटी काढली, वस्ती बंद केली आणि गिरणी चालू केली. तोवर गिरणीतल्या बायका-माणसांना अर्ध्या पाळीवरून घरी पाठवलं होतं. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्यातली काहीजणं तिला रस्त्यात भेटली. कुणीतरी म्हणालं, ‘‘आज गिरणीलाही अंधार दाखवलात का?’’ सगळे हसले. तिला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन तिने सगळं सांगितलं. तिची बढती रोखली गेली. वस्तीतल्या यंत्रांचा प्रश्न ‘विचाराधीन’ झाला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

बाबांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते नळी नाकाला लावून ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘‘वर कोण होतं?’’

‘‘तुम्ही होतात, बाबा.’’

त्यांचे डोळे भरून आले, पण मान नकारार्थीच हलली. ‘‘मी तर खाटेवर होतो, पोरी,’’ ते म्हणाले. दम खाऊन पुन्हा म्हणाले, ‘‘उद्या जो चढेल, त्याला काय सांगशील?’’

बाबा जगले याचं तिला वाईट वाटलं नाही, कधीच वाटणार नव्हतं. पण कामावर पाटीकडे नजर गेली की बाबांचा तो प्रश्न आठवायचा.

पुढच्याच आठवड्यात बाजाराच्या लाइनवर काम निघालं. उंट आला, लाइन बंद करवून त्याने पाटी अडकवली. एरवी तो शीळ घालत लगेच बाहेर पडायचा. आज दाराशी घुटमळला. त्याच्यासोबत एक निवृत्त लाइनमन आले होते, बाबांच्या वेळचे.

‘‘काका, तुम्ही इथे स्विचपाशीच थांबा,’’ उंट त्यांना म्हणाला. ‘‘मी उतरेपर्यंत हलू नका.’’ मग तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘‘राग मानू नका, ताई. घरी लेकरं आहेत.’’

‘‘नाही मानत,’’ ती म्हणाली.

त्या खोलीत पाटीवर पहारा बसण्याची ही पहिलीच वेळ होती. काका अवघडून उभे होते, त्यांनाही नजर कुठे ठेवावी कळत नव्हतं. तिने आपली खुर्ची उचलली आणि पाटीसमोर ठेवली.

‘‘बसा, काका,’’ ती म्हणाली. आणि उंट खाली येईपर्यंत ती उभीच राहिली.