मेलरबाईंची बदली व्हावी

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर माझ्या नवऱ्याचं मेलर नावाच्या बाईशी सूत जमलंय, ही बातमी मला लिमयेकाकांच्या कॉम्प्युटरवर कळली.

ईमेल नवीन निघाला होता तेव्हाची गोष्ट. कंपनीनं ह्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेला धाडलेलं, आणि आमच्या खडकीच्या कॉलनीत कॉम्प्युटर फक्त शेजारच्या लिमयेकाकांकडे. (तो त्यांना वापरता येत होता असं नव्हे, होता, इतकंच!) ह्यांनी कळवलेल्या पत्त्यात आधी 'वसंत', मग ते शेपटीवालं ए, मग कंपनीचं नाव.

"नुसतं वसंत?" मी म्हटलं. "काका, मी ह्यांना अरे-तुरे करू होय? 'वसंतराव' लिहा."

"वहिनी, पत्ता आहे तो."

"मग पत्त्यात मान द्यायला बंदी आहे का?"

काकांनी 'राव' जोडलं. पत्र गेलं आणि मिनिटभरात उत्तर! ह्यांचं नव्हे. पाठवणाऱ्याचं नाव मेलर डेमन.

काकांनी चष्मा पुसला. "कुणी बाई दिसतात. म्हणतायत, वसंतराव नावाचा इसम माहीत नाही."

"माहीत नाही? मग त्यांची पत्रं कशी उघडते ही?"

"तो आपला घरगुती प्रश्न झाला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्याकडे सकाळचे अकरा, म्हणजे तिकडे मध्यरात्र! ह्यांना आवडते म्हणून हे गेल्यापासून चार महिने मी घरात भेंडी शिजवली नव्हती, आणि ही बया अपरात्री ह्यांच्या टेबलाशी! मी लगेच दुसरं पत्र सोडलं, 'ही मेलर कोण?' तेही त्या निर्लज्ज बाईनं जसंच्या तसं परत केलं. खाली मात्र एक ओळ होती : अडचण असल्यास पोस्टमास्तरना लिहा.

चला, एक तरी जबाबदार माणूस सापडला! शाळेत घोकलेल्या इंग्रजीत मी रीतसर अर्ज ठोकला. 'महोदय, सविनय विनंती की, आपल्या कचेरीतील कुमारी मेलर माझ्या पतीचं टपाल अडवतात व त्यांच्याशी नको तितकी सलगी करतात. तरी त्यांची तातडीनं बदली व्हावी.'

तिसऱ्या दिवशी ह्यांचा फोन. "अगं, मेलर बाई नाही, मशीन आहे! पत्ता चुकला की पत्र परत पाठवतं. तुला ते 'राव' लावायला कुणी सांगितलं होतं?"

माझा जीव भांड्यात पडला. मशीन! मशीनवर जळत होते मी! हसू आवरेना.

"आणि अहो, ते पोस्टमास्तर? रागावले नाहीत ना?"

"छे! ते नाही, ती. लिंडा, आमच्याच ऑफिसात ते मशीन सांभाळते. तुझा अर्ज वाचून डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या. म्हणाली, एवढा जीव लावणारी बायको लांब, तुमच्या जेवणाचे किती हाल होत असतील! आता रोज घरून माझा डबा आणते."

नसलेल्या सवतीची बदली मागायला गेले आणि असलेली एक, इंग्रजीत रीतसर अर्ज करून, मीच नेमून बसले!