साताऱ्याची लाईन

पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी भर कार्यालयात, लाऊडस्पीकरवरून विचारलं, "मेरा इसमें कुछ काम है क्या? नहीं तो मैं निकलूँ? और कितनी देर चलेगा ये?"

मी तिथे नव्हतो, हीच खरी अडचण. लग्न साताऱ्याला, आणि मी बंगळुरात, व्हाइटफील्डच्या घरी, डाव्या हाताला लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग आणि उजव्या हाताला फोनवर लग्न असा दोन्हीकडे हजर. माइक उघडायचा होता लॅपटॉपचा, उघडला फोनचा. स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर माझा टोपी घातलेला चेहरा होताच. मुलीच्या वडिलांनी वर बघून विचारलं, "हे कोण?" दादा म्हणाला, "माझा धाकटा भाऊ." त्यानंतर दीड वर्ष तो मला काहीच म्हणाला नाही. माझी बायको वसुधा पहिल्या रांगेत अक्षता घेऊन उभी होती. त्या अक्षता तिला कुणावर फेकाव्याशा वाटल्या असतील, ते सांगायला नको.

दादाचा राग त्या तीन वाक्यांचा नव्हता. बाबा गेल्यावर मला शिकवलं ते त्याने. "प्रत्यक्ष ये रे," म्हणून त्याने तीनदा फोन केला होता, आणि तिन्ही वेळा मी त्याला इंटरनेट कॉलिंगच्या भवितव्यावर व्याख्यान दिलं होतं. पोटासाठी मी तेच करतो. माणसाचा आवाज आणि चेहरा इंटरनेटवरून इकडून तिकडे नेणारी सेवा आमची कंपनी चालवते. "दादा, जाणं-येणं आता जुनं झालं. लिंक पाठव," असं म्हणालो होतो मी. सख्ख्या भावाला.

त्या दिवशी मला एकच फोन आला, बंगळुरातल्याच मल्लेश्वरमहून; तिथेही लग्न लिंकवरूनच बघत होते. "अळियंद्रे," पलीकडून अण्णा म्हणाले, "आवाज अगदी स्वच्छ आला हो. कुठे खरखर नाही. तुमच्या कंपनीचं कौतुक वाटलं मला."

अण्णा म्हणजे वसुधाचे मामा. जावयाला ते कानडीत अळियंद्रे म्हणत, आणि त्या एका शब्दात मान नि टोमणा दोन्ही समसमान भरत. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. "आमचे पूर्वज घोड्यावरनं आले, तुम्ही एसी बसनं," हे त्यांचं माझ्याबद्दलचं ठरलेलं वाक्य. नोकरीचा सगळा काळ टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून, लोकांचे परगावचे फोन मध्ये बसून जोडून देण्यात गेला. नातेवाईक त्यांना पाठीमागे ट्रंककॉल अण्णा म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि आवडायचंही. फोन उचलल्यावर त्यांनी जन्मात कधी हॅलो म्हटलं नाही. "मल्लेश्वरम बोलतंय," म्हणत, जणू त्यांच्या मागे सगळी वस्ती ओळीने उभी आहे.

असा माणूस नव्या यंत्रांना नाकं मुरडेल असं मला वाटलं होतं. उलट झालं. मोबाइलवर चित्र दिसायला लागल्या दिवसापासून ते हरखले होते. त्याचा उपयोग माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळला. शेजारच्या अक्का जर्मनीतल्या लेकीशी बोलायच्या, लेक दोन मिनिटांत "अजून काय?" म्हणायची. अण्णांनी अक्कांना कॅमेरा फिरवून लोणच्याची बरणी दाखवायला लावली. "तुमचं तोंड तिनं पाहिलंय हो. बरणी दाखवा." त्या दिवशी लेक पाऊण तास हलली नाही. मिक्सर बिघडला तर ते दुरुस्तीवाल्याला व्हिडिओ लावून मिक्सरचाच आवाज ऐकवत, आणि स्वतः डॉक्टरसमोर बसल्यासारखे गंभीर होत.

पण त्यांचं खरं राज्य दर रविवारी सकाळी अकरा वाजता सुरू होई. सगळ्या कुटुंबाचा व्हिडिओ कॉल. आमच्या कंपनीच्या सेवेत अशा कॉलला बाहेरची खोली असते. यजमान आत घेईपर्यंत माणसाने तिथे थांबायचं. आम्ही ती सोय सुरक्षिततेसाठी केली होती. अण्णांनी तिचा मानपान केला. आधी वयाने थोरले, मग लेकीबाळी, मग सुना, सर्वांत शेवटी जावई. प्रत्येकाला आत घेताना गावाच्या नावाने पुकारा: "धारवाड, बोला. देवनहळ्ळी, स्वल्प थांबा, तंजावर अजून चहा पितंय." मी सेवा बनवणारा, आणि दर रविवारी वीस मिनिटं माझ्याच बाहेरच्या खोलीत ताटकळत उभा.

एकदा मी चिडून म्हणालो, "अण्णा, ही सेवा कशासाठी निघाली? मध्ये कुणी नको म्हणून!"

"सरी, बरं. भवितव्य आहे हो तुमच्या सेवेला," ते म्हणाले. "पण त्यात एक सोय राहिली. बोलायचंय ते बोलतात. बोलायचं नाही म्हणतात, त्यांना जोडणार कोण? त्याला मध्ये माणूसच लागतो. तेवढं बटण घाला बघू."

मी हसलो. असली सूचना ऑफिसात मांडली तर पुढच्या मीटिंगला मलाच बाहेरच्या खोलीत ठेवतील, असंही म्हणालो. गप्प बसलेले अण्णा म्हणजे काहीतरी शिजतंय, हे वसुधाला कळतं. मला कळत नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी साडेदहालाच फोन वाजला. लिंक होती. उघडतो तो पहिल्याच फटक्यात आत! वीस मिनिटं नाहीत, मानपान नाही. मी खूश होऊन शर्टाचं वरचं बटण लावतोय, तेवढ्यात पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यात दादा दिसला. चष्मा कपाळावर, मागे वहिनी.

"सातारा, बोला. व्हाइटफील्ड लाईनवर आहे," अण्णांचा आवाज आला, आणि त्यांचा चौकोन काळा झाला.

मी दादाकडे बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं. म्हणजे तसं वाटलं; अशा कॉलवर कुणीच कुणाच्या डोळ्यांत बघत नसतं, हे मी धंद्यातला म्हणून सांगतो.

"हं," दादा म्हणाला.

"हं," मी म्हणालो.

मग बराच वेळ दोघांच्या घरातले पंखे बोलत होते. मला माफी मागायची होती. दीड वर्ष मी ती पाठ करत होतो, चार मुद्देसुद्धा काढले होते. त्यातला एक आठवेना. वहिनींनी दादाला मागून कोपर मारलेलं मला स्पष्ट दिसलं. चित्राची प्रत उत्तम होती.

एकाएकी काळ्या चौकोनातून जुन्या ट्रंककॉलच्या थाटात आवाज आला, "तीन मिनिटं झाली. पुढची तीन देऊ?"

दादा फिस्सकन हसला. लहानपणी मी झाडावरून पडल्यावर आधी हसायचा आणि मग उचलायचा, तसा. "द्या हो," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "केस गेले की रे तुझे."

मी चार मुद्दे सोडून दिले. "दादा, चुकलो," एवढंच म्हणालो.

"ते यावर नको सांगू," दादा म्हणाला. "इथं येऊन सांग. सूनबाईला तू अजून पडद्यावरचा काका वाटतोस."

पुढच्याच शनिवारी वसुधा आणि मी साताऱ्याला गेलो. एसी बसने.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्या रविवारी अकरा वाजता आम्ही सगळ्यांनी सवयीने लिंक उघडली, आणि सगळेच बाहेरच्या खोलीत थांबलो. पडद्यावर ओळ होती : यजमान तुम्हाला आत घेतील. आत घेणारं कुणी नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं. तरी अर्धा तास कुणी उठलं नाही, असं नंतर एकमेकांना विचारल्यावर कळलं.

तेराव्याला दादा आला. आमच्या लग्नानंतर अण्णांना तो प्रत्यक्ष कधी भेटलाच नव्हता, पण फोटोपुढे बराच वेळ बसून राहिला. परतीच्या बसपाशी मला म्हणाला, "तुला माहिताय का? सात-आठ महिने दर शनिवारी त्यांचा फोन यायचा. 'मल्लेश्वरम बोलतंय. तुम्हाला व्हाइटफील्डहून कॉल आहे. घेता?' मी नको म्हणायचो. 'सरी, पुढल्या शनिवारी बघू,' म्हणून ठेवायचे. शेवटी मलाच लाज वाटली."

घरी येऊन मी हे वसुधाला सांगितलं. म्हटलं, "कमाल आहे अण्णांची! मी तर एकदाही कॉल लावला नव्हता. दादाचा नंबरसुद्धा त्यांना दिला नव्हता."

वसुधा कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ट्रंककॉल आपोआप लागत नसतो, आधी कुणाला तरी बुक करावा लागतो. आणि व्हाइटफील्डात काय तुम्ही एकटेच राहता?"