गिअरबॉक्समधलं पाणी

ड्रेन प्लग सोडला आणि घमेल्यात तेल पडायला लागलं. पांढरं. चहात घालायच्या दुधासारखं पांढरं. मी मान वर केली नाही, कारण वर वनिताबाई उभ्या होत्या आणि त्यांना माझं तोंड दिसलं असतं.

गिअरबॉक्स म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारी दातेरी चक्रांची पेटी. ही चक्रं तेलात बुडालेली असतात. तेल मधाच्या रंगाचं असावं. पांढरं झालं म्हणजे आत पाणी शिरलं, आणि पाणी शिरलं म्हणजे बेअरिंग गेले. त्या रोवणीतला, म्हणजे भातलावणीतला, माझ्या वर्कशॉपमधला हा तिसरा ट्रॅक्टर. तिन्ही नव्या मॉडेलचे, तिन्ही पहिल्याच हंगामात.

"काऊन जी, रामटेके भाऊ? बोलून काऊन नाई राह्यले?"

"पाहून राह्यलो, बाई."

"पाहा, पण लवकर पाहा. पऱ्हे थांबत नाई ना जी."

ट्रॅक्टर गावातल्या अकरा बायांच्या गटाचा. वनिताबाई गटाच्या अध्यक्ष, आणि ड्रायव्हरही त्याच. पाळीपाळीने अकरा घरांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, चिखल करायचा आणि मागून रोवणी, असा बेत. चार घरांचं झालं आणि पाचव्या घराच्या बांधीत गिअरबॉक्स करकरायला लागला. उरलेल्या सात घरांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, महिन्याच्या वर गेली होती. आणखी आठवडा गेला असता तर रोवूनही फुटवे आले नसते. सात घरांचं वर्षाचं धान त्या घमेल्यात पडत होतं.

कंपनीच्या एरिया मॅनेजरला फोन लावला.

"सर, रिपोर्टमध्ये कॉज काय लिहू?"

"कस्टमर मिसयूज. फोटो लावा, सही करा, पाठवा."

"तिन्ही?"

"चिखलात घातले असतील ना!"

"सर, धानाच्या पट्ट्यात चिखलात नाही घालणार तर काय नागपूरच्या उड्डाणपुलावर घालणार?"

"रामटेके, मिसयूज लिहा." फोन बंद.

मिसयूज म्हणजे दोष ग्राहकाचा. वॉरंटी संपली. माझं डोकं फिरलं. अठ्ठावीस वर्षं मी या एकाच कंपनीचे ट्रॅक्टर दुरुस्त करत आलो. जुन्या मॉडेलचे मालक दोनदा बदलले तरी गिअरबॉक्स उघडलेला नसायचा. लोक डिझेलवरून कुरकुरायचे, हायड्रॉलिकवरून भांडायचे, गिअरबॉक्सबद्दल कधी चकार शब्द नाही. त्या एका गोष्टीवर नागभीडपासून वडशापर्यंत आमचं राज्य होतं.

त्या रागातच मी विचारलं, "बाई, रोज काय काय करत होत्या, सांगा बरं."

"तुमी सांगतलं ते सगळं. सकाळी ग्रीस. क्लचवर पाय ठेवाचा नाई. अन् सांजच्या टाइमाले चिखल झाला का सरळ बोडीत."

मी पाना खाली ठेवला.

आमच्याकडे चिखल करून आलेले बैल संध्याकाळी बोडीत, म्हणजे गावतळ्यात, नेऊन धुतात. बैल गेले, ट्रॅक्टर आले, धुणं तिथेच राहिलं. आणि त्याला खतपाणी मीच घातलं होतं. डेमोच्या वेळी मी तापलेला ट्रॅक्टर थेट बोडीत अर्ध्या चाकापर्यंत उभा करायचो आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणायचो, "म्हैस हाये म्हैस, बसू द्या पाण्यात." लोक हसायचे आणि बुकिंग करायचे. वनिताबाईंनाही डिलिव्हरीच्या दिवशी मी हेच सांगितलं होतं.

टॉर्च घेऊन ट्रॅक्टरखाली शिरलो. गिअरबॉक्सला एक ब्रीदर असतो. आतली हवा ये-जा करायचं बारीक भोक. जुन्या मॉडेलमध्ये ते वर, गिअरच्या दांड्याजवळ होतं. नव्यात ते खाली, फूटबोर्डच्या आडोशाला निघालं. तापलेली पेटी थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बुडालेल्या भोकातून पाणी ओढते. गरम तांब्या पाण्यात पालथा धरून बघा, पाणी आपोआप आत चढतं. बाकी दोन ग्राहकांना फोन केला. दोघेही ट्रॅक्टर बोडीत घालत होते. दोघांनीही माझंच नाव घेतलं.

मग मी पहिल्यांदा त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडलं. इंग्रजीत, बारीक टाइपात एक ओळ होती: गरम असताना पाण्यात उभा करू नये. कंपनीने भोक खाली नेलं आणि ते असं कानात कुजबुजून सांगितलं. पण कान माझा होता. आमच्या ट्रॅक्टरला मॅन्युअल लागतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मिसयूज लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मुलगी तेव्हा नर्सिंगला होती, नोकरी गेली तर काय, हा विचार आला. भीती वाटली, लपवत नाही. बाहेर जाऊन वनिताबाईंना सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "म्हंजे मी नाई बिघडवला?"

"नाई, बाई. मी बिघडवला."

"बरं झालं सांगतलं. घरी सारे मलेच म्हनून राह्यले, बाई मानसाच्या हाती ट्रॅक्टर देल्लाच काऊन म्हनून." मग लगेच, "मंग आता रोवण्याचं काय?"

रिपोर्टमध्ये लिहिलं: ब्रीदरची जागा बदलली, सर्व्हिस इंजिनिअरने चुकीची सूचना दिली. खाली सही केली. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही स्वतःचाच मेमो लिहून पाठवलाय." मी रजा टाकली. मेहुण्याचा जुना ट्रॅक्टर आणला, आमच्याच कंपनीचा, आणि वनिताबाईंबरोबर आलटूनपालटून चालवला. सहा दिवसांत पाच घरांचं रोवणं झालं. उरलेल्या दोन घरांचे पऱ्हे तोवर जून होऊन त्यांना गाठी आल्या होत्या. रोवलं, पण धान निम्मंही झालं नाही. त्यातलं एक घर वाटेवरच आहे. मी अजून वळसा घालून जातो.

तिन्ही ट्रॅक्टरची वॉरंटी दिवाळीला पास झाली. मला सर्व्हिसमधून काढून स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसवलं. कंपनीने मडगार्डवर 'पाण्यात उभा करू नका' असा एक स्टिकर लावला आणि भोक जिथे होतं तिथेच ठेवलं. पुढे आमची एजन्सीच बंद झाली. गटाने पुढचा ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचा घेतला आणि त्यांनी तो घ्यावा, असं मीच सांगितलं.

लोक म्हणतात, गिअरबॉक्सने एजन्सी बुडवली. अर्धं खरं आहे. बॉनेटवरचं नाव तेच होतं, म्हणून मी खाली वाकून पाहिलं नाही.